जत्रेची गोळी

आमच्या गावातल्या बायका आजार साठवून ठेवतात. खरंच सांगते! कैरीच्या फोडी बरणीत भरून वर फडकं बांधतात ना, तसं. वर्षभर मुरू द्यायचं आणि चैत्रात नाथसाहेबांची जत्रा आली की फडकं सोडायचं. गुडघा जत्रेला दाखवू, चक्कर जत्रेला सांगू, छातीतली धडधड तेवढी जत्रेपर्यंत थांबंल. मग त्या आठ दिवसांत अख्ख्या गावाचं वर्षभराचं दुखणं माझ्या दारात येऊन उभं राहतं. आणि दार म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक व्हरांडा आणि भिंतीवर रंगवलेलं एक हसरं बाळ, ज्याचं नाक दरवर्षी पावसात जातं.

मी म्हणजे उपकेंद्रातली मॅडम. या अंकात माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक निवृत्त कंडक्टर काका लिहिणार आहेत म्हणे. त्यांच्या पंगतीत मला बसवलंय, आणि मला नोकरी लागून जेमतेम पाच वर्षं झालीत! पण संपादकांचा फोन आला आणि तो ठेवायच्या आधीच माझा अर्धा लेख मनात लिहून झाला होता. सांगण्यासारखं एवढं आहे की निवृत्त होईपर्यंत कोण थांबणार?

आधी काम सांगते. माझं शिक्षण नर्सिंगचं, वर सहा महिन्यांचा कोर्स. कागदावर माझं नाव समुदाय आरोग्य अधिकारी. एवढं लांब नाव गावात कुणी घेत नाही. मॅडम, सिस्टर, नाहीतर म्हाताऱ्या बायका सरळ 'ए पोरी'. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टर साहेब बारा किलोमीटरवर आरोग्य केंद्रात असतात, त्यांना फोन लावून, विचारून मी गोळ्या सुरू करते. बीपी, शुगर, रक्त, गरोदर बायका, पोरांच्या लसी, खोकले, पडझड, सगळं. पण खरं काम एका ओळीत सांगू? माणूस दुसऱ्यांदा आलं की पहिल्यांदा काय झालं होतं ते आपल्याला माहीत पाहिजे. बस्स. ते जमलं तर दवाखाना, नाहीतर ती नुसती गोळ्या द्यायची खिडकी.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या गावात दुसऱ्यांदा येणारं माणूसच नसतं! मी म्हसवडची, रथाच्या गर्दीत वाढलेली, त्यामुळं जत्रेचं मला काय नवल असणार होतं. पण विट्याच्या बाजूचं हे गाव बघून मी पहिल्या महिन्यात गपगार झाले. घरं काय एकेक! संगमरवरी, दुमजली, गच्चीवर सिमेंटचे घोडे. आणि दाराला कुलूप. गल्लीच्या गल्ली कुलपात. मालनताईंना, म्हणजे आमच्या गावच्या आशा सेविकेला, मी विचारलं, "ताई, माणसं कुठायत?"

"गलाईवर," मालनताई म्हणाल्या. "सारा देश आपलाच हाय मॅडम, फक्त गावात कुणी न्हाई."

गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडची माणसं पिढ्यानपिढ्या त्याच धंद्यात, आणि दुकानं कुठं, तर सेलम, मदुराई, त्रिशूर, कानपूर, कुठंही. खाली भट्टी नि ॲसिडचा वास, वर दोन खोल्यांत संसार. पुरुष तिथली भाषा शिकतात. पोरं शाळेत शिकतात. बाई वरच्या मजल्यावर असते, ती कुणाशी बोलून शिकणार?

आणि दवाखान्यात काय होतं, ते मला संगीतावहिनींनी सांगितलं. संगीतावहिनी त्रिशूरच्या. म्हणजे आमच्याच गावच्या, पण संसार त्रिशूरला. वय अडतीस, हसायला लागल्या की खुर्ची हलते. पहिल्यांदा माझ्यापुढं बसल्या तेव्हा मी विचारलं, तिकडं कुणाला दाखवता?

"दाखवतोय की. हे येतात बरोबर, बोलायला." हे म्हणजे संपतभाऊ, त्यांचे मालक. "पण ह्यांची तिकडची भाषा म्हंजी सोनं किती टक्क्याचं, ॲसिड कवा येणार, एवढीच. मी म्हणलं, डॉक्टरला सांगा, अंगावरनं पांढरं जातंय. तर हे कानापातूर लाल! आन डॉक्टरला काय म्हणलं ठावं हाय? वीकनेस!"

"मग?"

"मग टॉनिक. सात वर्षं टॉनिक पिलं मॅडम. पोरं बी पिली. पोरांची वजनं वाढली, माझं पांढरं हाय तितंच."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की मालनताई आत डोकावून गेल्या. पण रात्री घरी भाकरी थापताना मला ते आठवून हसूच येईना. सात वर्षं! एका साध्या औषधाच्या कोर्सनं जाणारं दुखणं, आणि सात वर्षं ते दोन भाषांच्या मधे अडकून पडलेलं. त्याच दिवशी त्यांचं बीपी घेतलं तर तेही वाढलेलं निघालं. ते कधीपासूनचं, कुणालाच माहीत नाही. कोण मोजणार होतं?

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली जत्रा. मी एकदम जोशात! टेबल व्हरांड्यात मांडलं, चादर घातली, बायकांची ही रांग. आणि प्रत्येकीला विचारतेय, शेवटची पाळी कधी आली? आमच्या कामात हा प्रश्न म्हणजे पाया. पोट दुखतंय, चक्कर येतेय, रक्त कमी आहे, काहीही असू दे, आधी ही तारीख. आणि एकही बाई धड तारीख सांगेना! पाचवी की सहावी बाई आली तेव्हा मला उलगडा झाला. सगळ्यांनी गोळी घेतली होती.

ही गोळी म्हणजे पाळी पुढं ढकलायची. जत्रेत नाथसाहेबांना पुरणपोळीचा नैवेद्य घराघरातल्या सुनेनं डोक्यावर न्यायचा. हजार किलोमीटरवरून त्यासाठी आलेली बाई, आणि नेमकी अडचण आली तर? म्हणून आधीच गोळी. मेडिकलमधनं भाच्याला, पुतण्याला चिठ्ठी देऊन आणायची. एकीनं आणलेलं पाकीट तिघी जावांत. आणि नुसती जत्रा नाही हो! गणपतीला गोळी, नवरात्राला गोळी, दिराच्या लग्नाला, वास्तुशांतीला. काही बायकांच्या अंगाला स्वतःची तारीख म्हणून काही राहिलेलीच नव्हती.

आणि मी काय केलं? तिथंच व्हरांड्यात, वीस बायकांसमोर, त्यात निम्म्या सासवा, भाषण ठोकलं! ह्या गोळ्या अशा घ्यायच्या नसतात, बीपी असलं तर धोका, रक्ताच्या गाठी होतात, शिकलेल्या बायका तुम्ही, कमाल आहे. मला वाटलं काय सुंदर बोलले मी.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात एक कुत्रं आणि मी.

मालनताई डबा घेऊन आल्या. शांतपणे जेवल्या. हात धुतले. मग म्हणाल्या, "मॅडम, राग येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या. तुमी सगळ्यांम्होरं बोल्लासा. आता ह्या बायका गोळी सोडायच्या न्हाईत, तुमास्नी सोडत्याल."

आणि तसंच झालं की. राहिलेले सहा दिवस बायका यायच्या, गुडघा दाखवायच्या, आणि गोळीचं विचारलं की, "छ्या, आमी न्हाई घेत." डोळ्यात डोळे घालून!

त्याच जत्रेत शेवंतामावशी आल्या होत्या. त्यांच्याबद्दल लिहायचं की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होते. लिहितेच. सेलमला राहायच्या, पन्नाशीच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. रांग संपल्यावर आल्या आणि छातीतली गाठ दाखवली. मी हात लावला. गाठ कडक होती, हलत नव्हती. कधीपासून आहे, विचारलं. "दोन जत्रा झाल्या." दोन जत्रांआधी एका शिबिरातल्या डॉक्टरांनी बघून सांगलीला तपासायला सांगितलं होतं. गेल्या जत्रेला बदलीवर आलेल्या कुणी सिस्टरनी बघून तेच परत लिहून दिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्या मावशींनी जपून ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून. त्या मला दाखवल्या, जणू काही हजेरीच लावली त्यांनी.

मी त्यांना स्वतः सांगलीला घेऊन गेले. पण उशीर झाला होता. मावशी आता नाहीत.

कुणी चुकलं होतं का? शिबिरातले डॉक्टर बरोबर होते. ती सिस्टर पण बरोबर होती. मावशींना तीन जणांनी बघितलं, पण एकाही माणसानं त्यांना दोनदा बघितलं नाही. मधल्या वर्षात 'मावशी, जाऊन आलात का?' असा एक फोन करणारं कुणी नव्हतं. मी तेव्हा नोकरीत नव्हते, माझा काय दोष, असं स्वतःला लय वेळा सांगून बघितलं. पटत नाही पूर्ण.

मग मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे टेबल व्हरांड्यातनं उचलून आतल्या खोलीत नेलं. दार बंद, एका वेळी एकच बाई, सासू बाहेर, नवरा तर फाटकाच्या बाहेर. दुसरी म्हणजे एक वही घातली. सरकारी नोंदी मोबाईलवर भराव्याच लागतात, त्या वेगळ्या. ही माझी. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एका बाईला एक पान. त्यात मी काय वाट्टेल ते लिहिते. 'सुईला घाबरते, आधी गप्पा मारायच्या.' 'नवऱ्यासमोर काही बोलत नाही.' 'बीपीची गोळी सुरू, दोन्ही घोटे संध्याकाळी सुजतात, सारखेच, डॉक्टर साहेब म्हणाले त्या गोळीनं होतं.' हे शेवटचं संगीतावहिनींच्या पानावरचं आहे, ते लक्षात ठेवा.

आणि पुढच्या जत्रेला मी भाषण केलं नाही. नुसतं विचारलं, "जत्रेची गोळी घेतली का?" जसं चहा घेतला का विचारावं. घेतली म्हणाली तर तोंड वाकडं न करता लिहायचं. कधीपासून, किती. बीपी बघायचं. पाय दुखतो का, कुणाच्या रक्तात गाठ झाली होती का, विचारायचं. ज्यांना धोका त्यांना दार बंद करून, एकटीला, नीट समजावायचं. काही ऐकायच्या, काही नाही. पण लपवायचं बंद झालं! आणि जाताना प्रत्येकीला माझा नंबर.

नंबर दिला आणि पुढं जे काय सुरू झालं ना! सकाळी अकराच्या सुमाराला, मालक खाली दुकानात गेले, पोरं शाळेत गेली की फोन. मदुराईहून, कानपूरहून. "मॅडम, मी अमक्याची सून, तुमच्या वहीत असंल बघा." आधी वही काढायची, मग बोलायचं. मग आम्ही एक नवीनच युक्ती काढली. बाईनं तिकडं दवाखान्यात एकटीनं जायचं, फोन लावायचा आणि डॉक्टरपुढं धरायचा. मी हिंदीत, नाहीतर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगणार, हिला हे होतंय, इतके दिवस, ही गोळी चालू आहे. पहिल्या वेळी मी घाबरून 'गुड मॉर्निंग'च्या जागी 'हॅपी बर्थडे' म्हणाले. शप्पथ! तिकडचे डॉक्टर थँक्यू म्हणाले. पण संगीतावहिनींचं ते सात वर्षांचं पांढरं पंधरा दिवसांत थांबलं. टॉनिक पण थांबलं. पोरं नाराज झाली असतील.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षीची जत्रा.

त्या वर्षी नैवेद्याचा पहिला मान संगीतावहिनींच्या घराचा होता. हा मान भावकीत फिरतो, त्यांच्याकडं अकरा वर्षांनी आलेला. म्हणजे सगळ्या गावाच्या पुढं, वाजंत्र्यांच्या मागं, पहिलं ताट हिच्या डोक्यावर. महिनाभर आधीपासून फोन चालू होते, साडी कुठली, ब्लाऊज कुठं शिवायला टाकला. बीपीचं सोडून सगळं बोलायच्या.

नैवेद्याच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. "मॅडम, पोचलो बघा. सात जणांच्या गाडीत नऊ जणं, बावीस तास, मी मागं पिशव्यात बसलीती. आन हे बघा, गोळी चालू केलीया. तुमी नको म्हणलावता, पर मानाचं वरीस हाय. सांगून ठेवते, वहीत लिवा."

मी वही ओढली. लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "पाय बिय दुखतात का?"

"सुजलाय की परवासानं. आत्याबाई तेल गरम करत्यात."

सुजलाय. मी पेन थांबवलं. त्यांच्या पानावर माझंच अक्षर होतं: दोन्ही घोटे, सारखेच.

"वहिनी, एकच सुजलाय? का दोन्ही?"

"डावाच."

मी गाडीची किल्ली घेतली आणि टेप, म्हणजे शिंप्याचा असतो तो, पोरांचे दंड मोजायला असतोच आमच्याकडं. 'वहिनी, चोळू देऊ नका, हात लावू देऊ नका' असं ओरडत फोन तसाच चालू ठेवून निघाले. गल्लीत पाळणेवाल्यांचे लोखंडी सांगाडे, रेवड्यांची दुकानं मांडायला घेतलेली, स्कूटी तिथंच टाकली आणि पळाले.

घरात पुरणाचा वास. वहिनी पुढच्या सोप्यात पाय लांब करून बसलेल्या आणि त्यांच्या सासूबाई, सगळं गाव त्यांना बायाक्का म्हणतं, सत्तरीच्या, काटक, हातावर तेल घेऊन बसलेल्या.

"आक्का, थांबा!"

"काय झालं गं पोरी? साप हाय का?"

मी टेप लावला. डावी पोटरी उजवीपेक्षा तीन बोटं जाड. गरम. दाबली तर वहिनींनी ओठ चावला. एवढं बघून कुणीही म्हणालं असतं, प्रवासाची सूज आहे, नाहीतर बीपीच्या गोळीची. मीच म्हणाले असते, जर हे पाय मी पहिल्यांदाच बघत असते तर! पण ह्या पायांचं मला माहीत होतं. हे सुजतात ते जोडीनं सुजतात. एकटा कधी सुजत नाही.

डॉक्टर साहेबांना तिथूनच फोन लावला. बीपी, प्रवास, गोळी, एक पाय. ते म्हणाले, रक्ताची गाठ असू शकते, चालवू नका, लगेच विट्याला सोनोग्राफी, मी पुढं बोलून ठेवतो.

आणि वहिनी म्हणाल्या, "परवा जाते."

"काय?"

"उद्या नैवेद्य झाला की परवा सकाळी पैल्या गाडीनं. अकरा वर्षांनी मान आलाय मॅडम. मी पाय घासत जाईन पर ताट नेईन."

संपतभाऊ दारात उभे. माणूस वाईट नाही, पण गडबडलेला. "बघू की मॅडम, एक दिसाचा तर प्रश्न हाय. तवर एखादं इंजेक्शन न्हाई का?"

मी म्हणाले, "भाऊ, तुमच्या द्राक्षाला ठिबक आहे ना? नळीत खडा अडकला तर काय होतं?"

"म्होरं पाणी जात न्हाई."

"आणि तो खडा सुटून पुढं गेला तर?"

"म्होरं बारक्या नळीत जाऊन बसतोय."

"ह्यांच्या पायात तो खडा आहे. आणि पुढची बारकी नळी म्हणजे फुप्फुस. तो उद्या ताट डोक्यावर असताना सुटला, तर इंजेक्शन द्यायला मला वेळ मिळणार नाही."

भाऊ खिशात गाडीची किल्ली चाचपायला लागले. पण वहिनी रडायला लागल्या, आणि त्या बाईला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. "लोकं काय म्हणतील? मान आला आन ही झोपली म्हणतील. आत्याबाई, तुमी तरी सांगा मॅडमला."

बायाक्कांच्या हातात अजून तेलाची वाटी होती. मला वाटलं, आता ही म्हातारी माझं काही चालू देणार नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"तू गोळी खाल्लीस?" सुनेला विचारलं.

वहिनींनी मान डोलावली.

"कवापासनं खातीस?"

"लगीन झाल्यापासनं. सगळ्या सणाला. तुमास्नी ठावं हाय की."

"मला काय ठावं? मी म्हणायची, हिची येळ कशी बरं सणाला चुकती, नशीबवान हाय." मग माझ्याकडं वळल्या. "आमच्या येळंला असली गोळी नव्हती पोरी. अडचण आली की आली. मागं बसायचं, जाऊनं ताट न्यायाचं. माझा मान दोनदा माझ्या धाकल्या जावंनं नेला. नाथसाहेब काय उपाशी ऱ्हायलं न्हाईत." आणि वर, "उलट आमास्नी तेवढंच दोन दिस बसायला मिळायचं गं. ह्या गोळीनं तुमचं ते बी गेलं."

मी भाषणं केलेली, चार्ट लावलेले, कोर्समध्ये सगळं शिकलेली. आणि जे मला चार वर्षांत सुचलं नाही, ते त्या एका वाक्यात बोलून मोकळ्या झाल्या!

"उठ," सुनेला म्हणाल्या. "न्हाई, उठू नकोस. संपत, उचल तिला. ताट मी नेती. तुझा सासरा अजून खडखडीत हाय, माझं कुकू शाबूत हाय, माझा हक्क हाय. कोण काय म्हणतंय बघू."

सोप्याच्या कडेला बसलेले तात्या, म्हणजे सासरे, पेपरातनं मान वर काढून म्हणाले, "आयला, मी बी कामाला आलो म्हणायचं!"

रडतारडता वहिनी हसल्या. त्याच सात जणांच्या गाडीत, आता पूर्ण सीट त्यांना एकटीला, पाय उशीवर, मी शेजारी. जत्रेच्या गर्दीतनं गाडी काढायला संपतभाऊ स्वतः पुढं पळत होते, 'सरका, सरका' करत. विट्यात सोनोग्राफी झाली. गाठ होती. मांडीपर्यंत चढलेली. तिथनं सांगली. इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा मी पहिल्यांदा घोटभर पाणी प्यायले. तिथले एक डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, एवढ्या लवकर कसं काय लक्षात आलं?" मी म्हणाले, "सर, त्यांचे पाय माझ्या ओळखीचे आहेत." ते हसले. मी चेष्टा करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात मोबाईलवर व्हिडिओ आला. वाजंत्री, गुलाल आणि सगळ्यात पुढं बायाक्का, नऊवारी, डोक्यावर पुरणाचं ताट, चाल अशी की मागच्या तरण्या सुना पळतायत. वहिनींनी तो व्हिडिओ चौदा वेळा बघितला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवला, वॉर्डातल्या सिस्टरना दाखवला, सफाईवाल्या मावशींना दाखवला. सगळ्यांना सांगत होत्या, "ह्या माझ्या सासूबाई. आमचा मान हाय ह्या वर्षी."

सात दिवसांनी घरी, मग सहा महिने रक्त पातळ व्हायच्या गोळ्या. ती जत्रेची गोळी कायमची बंद. आता गावात काय झालं असेल सांगा? मी तोंड उघडलं नाही, पण बायाक्कांनी जत्रेच्या आठ दिवसांत घराघरात जाऊन सांगितलं! त्यांचं ऐकायच्या सगळ्या. पुढं एकदा स्वतःच येऊन बसल्या, बाही वर केली. "मोज माझं बी. सत्तर वर्षांत कुणी मोजलं न्हाई." बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. वहीत त्यांचं पान घातलं. त्यावर एवढंच लिहिलंय: हिला काही झालेलं नाही, पण दर महिन्याला येते. मला भारी वाटतं ते पान.

सगळ्याच बायकांनी गोळी सोडली, असं खोटं नाही लिहिणार. पण ह्या वर्षीच्या जत्रेत तीन सुना नैवेद्याच्या दिवशी माझ्या व्हरांड्यात बसल्या होत्या, उघड उघड, अडचण आहे म्हणून. ताटं त्यांच्या सासवांनी, जावांनी नेली. देवाला अडचण नको, हे काही मी बदलायला गेले नाही. ते माझं काम पण नाही. तिघींपैकी एक संगीतावहिनी. रिकामं बसवेना म्हणून माझ्या रांगेतल्या बायकांची वजनं घेत होत्या आणि मोठ्यांदा ओरडून सांगत होत्या, त्यावरून दोन भांडणं झाली.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते, संपादकांचा दोनदा फोन येऊन गेला. सकाळी अकराला त्रिशूरहून फोन. वहिनी तिकडच्या एका बाई डॉक्टरांकडं एकट्या गेलेल्या, वर्षाची तपासणी. फोन स्पीकरवर. डॉक्टरांनी विचारलं असणार, ही फोनवर कोण. तर वहिनींचं हिंदी ऐकू आलं, एकदम ठणठणीत: "ये मेरी हमेशा की मॅडम है. इनको सब मालूम है."

मग डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, शेवटची पाळी कधी?

मी मराठीत विचारलं, वहिनी, तारीख?

"तेवीस तारीख. दर महिन्याला बावीस-तेवीसलाच हाय आता." आणि मग एवढ्या जोरात की त्या डॉक्टरीणबाई दचकल्या असतील, "खरी हाय मॅडम! लिवा वहीत!"

लिहिली.